एकपदरी तंबू कोणत्या रात्रींसाठी?

वाचकाचे पत्र

आम्ही दोघी मैत्रिणी नाशिकच्या. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून दोघींनीही बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स कोर्स पूर्ण केले आहेत. येत्या जूनमध्ये मनालीजवळचे देव टिब्बा (६,००१ मीटर) आणि सप्टेंबरमध्ये लडाखमधले कांग यात्से-२ करायचे ठरवत आहोत. पुढची चार-पाच वर्षेही दोघींनीच दोर बांधून चढता येतील अशा शिखरांवर जायची इच्छा आहे. बेस कॅम्पपर्यंत सामान पोहोचवण्याची सोय असेल. त्यावरचे सगळे ओझे मात्र आमच्याच पाठीवर. आमच्याकडचा दुपदरी तंबू ३ किलो ४०० ग्रॅमचा आहे. त्याऐवजी दीड किलोच्या आसपासचा सिंगल-वॉल, म्हणजे एकाच कापडाचा एकपदरी तंबू घ्यावा असे वाटते. ज्यांना विचारले त्यांतले निम्मे म्हणतात की तो आतून ठिबकतो, आणि उरलेले म्हणतात की वर जायचे असेल तर त्याला पर्याय नाही. एवढा खर्च करायचा तर तो सह्याद्रीतही वापरता यावा असे वाटते. शिवाय पुण्यातल्या एका ओळखीच्यांकडे सात-आठ वर्षांपूर्वीचा असा तंबू निम्म्या किमतीत मिळतो आहे. तो घ्यावा का? आमची उंची पाच फूट आठ इंच आणि पाच फूट तीन इंच आहे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला सल्ला देणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी खरे तेच सांगितले आहे. आतून ठिबकणारा तंबू आणि ज्याला पर्याय नाही तो तंबू, हे दोन्ही एकच असतात. कोणत्या रात्री, कोणत्या हवेत आणि किती उंचीवर तो उभारला, यावर त्याचा अनुभव ठरतो. म्हणून माझे मत आधी सांगते आणि मग कारणांकडे वळते. तुमचा पुढच्या चार-पाच वर्षांचा बेत पाहता एकपदरी तंबू घेणे योग्य आहे, मात्र तो आताच्या तंबूच्या जागी घेऊ नका, त्याच्या जोडीला घ्या. जुना तंबू विकू नका. बेस कॅम्पपर्यंत आणि सह्याद्रीत तोच तुमचा तंबू राहील. नवा तंबू फक्त बर्फरेषेच्या वरच्या दोन-चार रात्रींसाठी असेल, आणि त्याच रात्री डोळ्यांसमोर ठेवून तो निवडायचा आहे.

प्रथम ठिबकण्याविषयी, कारण सगळा प्रश्न तिथून सुरू होतो. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभर वाफ बाहेर पडत असते. दोन माणसांची मिळून ती एका रात्रीत सहज अर्धा लीटर पाण्याच्या घरात जाते. आत स्टोव्ह पेटवून बर्फ वितळवला तर त्यात आणखी भर पडते. दुपदरी तंबूत ही वाफ आतल्या पातळ, हवा खेळू देणाऱ्या पदरातून पलीकडे जाते आणि बाहेरच्या पदराच्या, म्हणजे फ्लायच्या, आतल्या अंगाला जमते. दोन पदरांमध्ये चार बोटांची पोकळी असते, त्यामुळे तिथे साचलेले पाणी किंवा दहिवर आपल्या अंगावर न पडता कडेने खाली उतरते. एकपदरी तंबूत ही पोकळीच नसते. बाहेरच्या हवेने गार पडलेले कापड आणि आपल्या श्वासाची ऊब यांची थेट गाठ पडते, आणि वाफ कापडावरच जमते.

‘आमचे कापड श्वास घेते’ असे उत्पादक सांगतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात, पण ते कोणत्या परिस्थितीत श्वास घेते हे समजून घ्यायला हवे. वाफ कापडातून बाहेर ढकलली जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पाच्या दाबात फरक असतो म्हणून. बाहेरची हवा थंड आणि कोरडी असेल तर हा फरक मोठा असतो आणि वाफ निघून जाते. बाहेर पाऊस, धुके किंवा दमट हवा असेल तर फरक जवळजवळ उरत नाही, आणि कितीही महाग कापड असले तरी ते आतून ओले होते. पारा फारच खाली गेला तर तिसरीच अडचण येते: वाफ बाहेर पडण्याआधीच कापडाच्या आतल्या बाजूला गोठते आणि तो हिमाचा थर पुढच्या वाफेची वाट अडवतो. थोडक्यात, वाफ बाहेर काढण्याचे खरे काम झरोके करतात आणि कापड त्यांना मदत करते. ज्या एकपदरी तंबूला एकमेकांपासून दूर असे किमान दोन झरोके नाहीत, एक वरच्या बाजूला आणि एक खालच्या, तो इतर सगळ्या बाबतींत कितीही चांगला असला तरी मी तो घेणार नाही.

हे मी स्वतः चूक करून शिकले आहे. लाहौलमध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुमारे साडेपाच हजार मीटरवर आम्ही दोघे अशाच तंबूत तीन रात्री होतो. पहिल्या रात्री वाऱ्याबरोबर बर्फाचा बारीक भुगा आत यायला लागला, म्हणून आम्ही वरचा झरोका बंद केला आणि दाराची चेनही टोकापर्यंत ओढली. पहाटे हेडटॉर्च लावला तेव्हा छताला आतून पांढरी लव फुटल्यासारखे दिसत होते. वाऱ्याचा एक झोत आला, कापड फडफडले, आणि ती सगळी लव आमच्या तोंडावर आणि स्लीपिंग बॅगांवर झडली. आम्ही ती हाताने झटकली आणि पुढच्या तयारीला लागलो. सकाळी ऊन तंबूवर आले तेव्हा बॅगांवर राहिलेले तेच हिम पाणी होऊन आत मुरले. तिसऱ्या रात्री माझ्या बॅगेच्या पायाकडच्या कप्प्यांत पिसांच्या सुपारीएवढ्या गोळ्या झाल्या होत्या, आणि त्या गोळ्यांच्या मध्ये चिमटीत धरले तर नुसते कापड हाताला लागत होते. त्या रात्री मी झोपले नाही आणि शिखरावरही गेले नाही. तंबू उत्तम होता. तो वापरायचा कसा हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

तेव्हापासून मी पाळते तो क्रम असा. रात्री वारा असला तरी वरचा झरोका उघडा ठेवायचा आणि ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूच्या दाराची चेन खालून वीतभर उघडी ठेवायची, म्हणजे गार हवा खालून येते आणि वाफेसह वरून निघून जाते. थोडा भुगा आत आला तरी चालेल. तो कोरडा असतो आणि झटकता येतो. पहाटे उठल्यावर स्टोव्ह पेटवण्याच्या आधी, कापड अजून कडक असतानाच, प्लॅस्टिकच्या एखाद्या पातळ तुकड्याने छत आणि भिंती हलक्या हाताने खरवडून ते हिम एका जागी गोळा करायचे आणि बाहेर टाकायचे. स्टोव्ह आधी पेटवला तर तेच हिम पाणी होऊन पसरते. एक स्पंज आणि एक छोटे सुती फडके सोबत असावे. स्लीपिंग बॅगेचे पायाकडचे टोक भिंतीला लागते आणि तिथूनच ती भिजायला लागते, म्हणून त्या टोकावरून जॅकेट चढवून ठेवायचे.

तंबू कुठे लावता यालाही महत्त्व आहे, आणि याबद्दल फार कमी बोलले जाते. निरभ्र रात्री तंबूचे छत आपली उष्णता थेट उघड्या आकाशाकडे सोडते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. उघड्यावर ठेवलेल्या गाडीच्या टपावर दव पडते आणि झाडाखालच्या गाडीवर पडत नाही, त्याचे कारण हेच. म्हणून शेजारी कडा किंवा मोठी शिळा असेल आणि वरून दगड पडण्याचा धोका नसेल, तर आकाश जितके कमी दिसेल तितका तंबू कोरडा राहतो. खोलगट जागेत रात्री थंड हवा उतरून साचते. तळ्याकाठी आणि ओढ्याकाठी हवा दमट असते. देव टिब्ब्याच्या वाटेवर छोटा चंद्रताल लागेल. तिथे पाण्याच्या अगदी काठावर तंबू लावण्याचा मोह होईल, पण थोडे वर सरकून लावा.

आता तुमच्या दोन शिखरांकडे येते, कारण तंबूच्या दृष्टीने ती एकमेकांपासून फार वेगळी आहेत. देव टिब्बा पीर पंजाल रांगेत आहे. जगतसुखहून चिक्का, सेरी असे वर जाताना जूनमध्ये पाऊस लागू शकतो, आणि वरचा बर्फही दुपारी ओला आणि जड असतो. या खालच्या मुक्कामांवर एकपदरी तंबू म्हणजे हाताने ओढवून घेतलेला त्रास होय. तिथे जुना तंबूच न्या. दुहांगण खिंडीच्या आसपास आणि त्यावरच्या कॅम्पवर रात्रीचे तापमान शून्याच्या बरेच खाली असते, वारा असतो आणि तंबूची जागा बर्फ खणून करावी लागते. तिथे नवा तंबू आपले काम दाखवेल. कांग यात्से-२ मात्र मारखा खोऱ्याच्या माथ्यावर, पर्जन्यछायेच्या कोरड्या हवेत आहे. एकपदरी तंबूला मानवणारी हवा ती हीच. गंमत अशी की तिथे त्याची गरज सर्वांत कमी आहे, कारण बहुतेक चमू बेस कॅम्पहून मध्यरात्री निघून थेट माथा गाठतात आणि बेस कॅम्पपर्यंत सामान घोड्यांवर जाते. म्हणजे या वर्षीच्या दोन मोहिमांपुरताच विचार केला, तर तुम्ही या तंबूत मोजून तीन-चार रात्री काढाल. तेवढ्यासाठी हा खर्च करू नका, असे मी सांगितले असते. पुढची चार-पाच वर्षे दोघींनीच, हमालांशिवाय वरचे कॅम्प लावायचे आहेत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणूनच मी होकार देते आहे.

वजनाचा हिशेब मात्र नीट करा. जाहिरातीतले दीड किलो हे बहुधा फक्त कापड आणि पोल यांचे वजन असते. पिशव्या, ताणाच्या दोऱ्या, बर्फात पुरायचे अँकर आणि पोलदुरुस्तीची नळी धरून ते साडेसतराशे-अठराशे ग्रॅमवर जाते. दोन आकडे दिलेले असतील तर मोठा तो खरा माना. तरीही तुमच्या आताच्या तंबूशी तुलना करता सोळाशे ग्रॅम वाचतात, म्हणजे प्रत्येकीच्या पाठीवरून आठशे. २३० ग्रॅम गॅसचा भरलेला कॅनिस्टर डब्यासह पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे दोघींना मिळून चार कॅनिस्टर जास्त नेता येतील एवढी ही बचत आहे. बर्फ वितळवून पाणी करायचे असते तिथे ही फार मोठी गोष्ट आहे. उलट बाजूही लक्षात घ्या: आतून हिम चिकटलेला तंबू तसाच गुंडाळावा लागला, तर त्यातले काही शे ग्रॅम दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठीवर येतात.

कापडाचे ढोबळमानाने तीन प्रकार तुमच्यासमोर येतील. पहिला म्हणजे आत सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा असलेले तीन थरांचे कापड. अशा पापुद्र्याचे गोअर-टेक्स हे कापड १९७६ साली बाजारात आले आणि त्यापासून लगेचच तंबूही बनू लागले. टॉड बिबलर या अमेरिकी गिर्यारोहकाने त्याच दशकात एकपदरी तंबू बनवायला सुरुवात केली, आणि त्याचा वारसा आज ब्लॅक डायमंडच्या एल्डोराडो या तंबूत दिसतो. हे कापड पूर्ण जलरोधक असते, आतल्या बाजूला त्याला बारीक लवदार अस्तर असते आणि ते थोडा ओलावा धरून ठेवते, त्यामुळे थेंब लगेच पडत नाहीत. असा तंबू सव्वादोन किलोच्या आसपास जातो. दुसरा प्रकार म्हणजे पापुद्रा नसलेले, दाट विणीचे, हवा चांगली जाऊ देणारे हलके कापड. त्याच कंपनीचा फर्स्टलाइट दीड किलोच्या आसपास आहे तो यामुळेच. कोरड्या बर्फात तो फार चांगला, पण सलग पावसात त्याच्यावर विसंबू नये. तिसरा म्हणजे सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचा लेप दिलेले नायलॉन. ते हलके आणि जलरोधक असते पण त्यातून वाफ अजिबात जात नाही, सगळी मदार झरोक्यांवर. हातातल्या चालायच्या काठ्यांवर उभारायचे जे अतिहलके तंबू लांब पल्ल्याच्या पदयात्रींमध्ये लोकप्रिय आहेत, त्यांतले बरेच या शेवटच्या प्रकारातले असतात. ते एक किलोच्याही खाली मिळतात म्हणून भुलू नका. उंचावरच्या वाऱ्यासाठी आणि बर्फाच्या भारासाठी ते केलेले नसतात.

देव टिब्ब्यावरचा जूनमधला ओला बर्फ पाहता मी तुम्हाला पहिल्या प्रकाराकडे झुकायला सांगेन, जरी त्याने सात-आठशे ग्रॅम वाढले तरी. तुम्ही फक्त लडाख आणि स्पितीतच चढणार असता तर दुसरा प्रकार सुचवला असता.

हलक्या तंबूचा हा ध्यास काही आजचा नाही. ए. एफ. ममरी या इंग्रज गिर्यारोहकाने रेशमी कापडाचा छोटा तंबू वापरात आणला, आणि त्याला वेगळे खांबही नव्हते, बर्फकुऱ्हाडीच खांब म्हणून उभ्या करायच्या. १८९५ मध्ये नंगा पर्वतावर रगोबीर थापा आणि गोमान सिंग या दोन गुरखा साथीदारांसह तो नाहीसा झाला. ही आठवण काढली ती एका कारणासाठी. आजही काही तंबूंची रचना बर्फकुऱ्हाड किंवा काठी खांबाला लावण्याची असते. तंबू उभा आहे तोवर कुऱ्हाड अडकून पडते, आणि मध्यरात्री तंबू तसाच ठेवून शिखराकडे निघताना तीच हातात हवी असते. म्हणून तुमचा तंबू स्वतःच्या पोलवर उभा राहणारा हवा.

तो पोल कुठून जातो, हे नीट पाहा. काही एकपदरी तंबूंत दोन पोल आतल्या बाजूने, कोपऱ्यातून कोपऱ्यात, फुलीसारखे बसतात. हे तंत्र पहिल्या दोन-तीन वेळा अवघड वाटते. तंबू जमिनीवर पसरायचा, कोपरे आधी अँकरला बांधायचे, मग एकीने पोल घेऊन आत शिरायचे आणि आडवे पडून, पोलचे टोक कोपऱ्यातल्या खोबणीत बसवून, पाठीने कापड उचलत पोल वाकवायचा. कापड तोंडावर येते, काही दिसत नाही, आणि टोक घाईत बसवले तर खोबणीतून निसटून कापडात घुसते. पण सवय झाली की हाच प्रकार वाऱ्यात सर्वांत सुरक्षित, कारण तंबू उडून जायला मोकळा कधीच नसतो आणि तुम्ही त्याच्या आतच असता. बाहेरून नळ्यांत पोल घालायचा तंबू लवकर उभा राहतो, पण जोराच्या वाऱ्यात पतंगासारखा ओढ घेतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किलोमीटरचा वारा ६० झाला तर दाब चौपट होतो. म्हणून पोल अ‍ॅल्युमिनियमचेच घ्या. कार्बनचे पोल आणखी हलके असतात, पण अ‍ॅल्युमिनियमचा पोल वाकतो आणि नळी बसवून पुढच्या रात्री वापरता येतो, कार्बनचा तडकतो आणि त्याच्या कडा कापड फाडतात.

सोबत मिळणाऱ्या बारीक खुंट्या भुसभुशीत बर्फात टिकत नाहीत. लहान कापडी पिशव्यांत बर्फ ठासून, दोरी बांधून, हातभर खोल आडव्या पुरायच्या आणि वर पाय देऊन बर्फ दाबायचा. अर्ध्या तासात तो गोठून पक्का होतो. अशा सहा पिशव्या शिवून घ्या, नाशिकमध्ये कोणताही शिंपी जुन्या छत्रीच्या कापडाच्या करून देईल.

मापाबाबत मी थोडी आग्रही आहे. ‘दोन माणसांचा’ हा शब्द एकपदरी तंबूंच्या बाबतीत फार ताणून वापरला जातो. खरेदीच्या आधी तंबूच्या तळाचे माप घ्या आणि ते गच्चीवर खडूने आखा. त्यात तुमच्या दोन्ही मॅट ठेवा, फुगवलेल्या स्लीपिंग बॅगा ठेवा, बुटांची आतली जोडी, पाण्याच्या बाटल्या, भांडे आणि दोर ठेवा, आणि मग दोघी तासभर त्यात पडून राहा. नेहमीच्या मॅटची रुंदी सुमारे ५१ सेंटीमीटर असते, म्हणजे दोन मॅटनाच १०२ लागतात. तळ १०७ सेंटीमीटर रुंद असेल तर झोपेत कूस बदलताना बाहेरच्या बाजूचा खांदा भिंतीला घासेल. १२० च्या पुढे असेल तर बरे. लांबीचा प्रश्न तुमच्यापैकी उंच असलेल्या मैत्रिणीचा आहे. पाच फूट आठ इंच म्हणजे १७३ सेंटीमीटर, त्यात बॅगेचा फुगवटा आणि डोक्यावरची टोपी धरून १९५ ची गरज आहे, आणि भिंती आत झुकलेल्या असतील तर मॅटच्या उंचीवर मिळणारी लांबी तळापेक्षा कमी असते. तळ २१० सेंटीमीटरपेक्षा आखूड नको. तीन माणसांचा तंबू मात्र घेऊ नका. तेवढी सपाट जागा बर्फाच्या उतारावर खणून काढायला दोन तास जास्त लागतात, आणि पाच हजार मीटरच्या वर ते दोन तास फार महाग पडतात.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती लिहिते. बहुतेक हलक्या एकपदरी तंबूंना ओसरी, म्हणजे दारापुढची झाकलेली जागा, नसते, त्यामुळे बाहेर वारा सुटला की स्टोव्ह आत येतो. बंद तंबूत जळणाऱ्या स्टोव्हमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच असतो, म्हणजे शरीर आधीच ऑक्सिजनला तरसलेले असते. विषबाधेची सुरुवात डोकेदुखी, मळमळ आणि गुंगीने होते, आणि ही सगळी लक्षणे विरळ हवेच्या त्रासाचीही असल्यामुळे गिर्यारोहक त्यांना तोच त्रास समजून पडून राहतात. यात अनुभवी माणसे गेली आहेत. ओसरी स्वतंत्र जोडता येत असेल तर तिचे वजन पत्करा आणि स्वयंपाक तिथेच करा. जोडता येत नसेल तर दार किमान अर्धे उघडे आणि वरचा झरोका पूर्ण उघडा असल्याशिवाय काडी ओढू नका, आणि भांड्याच्या बुडाला ज्वाला घासून पिवळी जळत असेल तर लगेच बंद करा. बर्फ पडत असेल तर दर दोन-तीन तासांनी एकीने उठून झरोके आणि दाराची फट बर्फाने बुजली नाही ना, हे हात घालून तपासावे. झोप मोडते, पण ती मोडावी.

सह्याद्रीत हा तंबू वापरता येईल का, या प्रश्नाचे माझे उत्तर नाही असेच आहे. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरच्या रात्री थंडी असते पण हवा कोरडी नसते. पहाटे गवत, दगड, बुटांचे चामडे सगळेच ओले झालेले असते. तिथे एकपदरी तंबू आतून ओघळेल, आणि ज्या कापडासाठी तुम्ही एवढे पैसे मोजले ते खडकाळ जमिनीवर आणि करवंदीच्या काट्यांत झिजेल. पावसाळ्यात तर विचारच करू नका. फक्त एक काम सह्याद्रीत करा: निघण्यापूर्वी एखाद्या वाऱ्याच्या रात्री गडमाथ्यावर नेऊन, दिवे बंद करून, हातात जाड हातमोजे घालून तो तीन-चार वेळा उभारा आणि उतरवा. चेनची ओढणी हातमोज्याच्या बोटांत सापडत नसेल तर तिला दोरीचे मोठे फासे बांधून घ्या. शिवणींना कारखान्यातून पट्टी लावलेली नसेल तर त्यांना सीलर, म्हणजे शिवणीतून पाणी झिरपू न देणारा लेप, तुम्हालाच लावावा लागेल, आणि ते काम पाऊस सुरू होण्यापूर्वीच, कोरड्या हवेत, एका दुपारी उरकावे लागेल. परत आल्यावर तो पूर्ण वाळवून, घडी न घालता, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल कोंबून कपाटात ठेवा. आवळलेल्या पिशवीत माळ्यावर टाकला तर आपल्या चार महिन्यांच्या दमट हवेत आतला लेप हळूहळू विरघळू लागतो.

पुण्यातल्या तंबूबद्दल तुम्ही विचारले आहे, त्याचीही मुख्य परीक्षा हीच आहे. सात-आठ वर्षांपैकी तो हिमालयात किती रात्री होता यापेक्षा उरलेले दिवस कुठे आणि कसा ठेवला होता, हे आधी विचारा. मग तो उजेडात पूर्ण उभारायला लावा. तळाच्या आतल्या बाजूवर तळहात दाबून उचला. चिकटपणा जाणवला किंवा आंबूस वास आला तर लेप गेलेला आहे आणि तो दुरुस्त होत नाही. छताला आतून फोड आल्यासारखे दिसत असेल तर पापुद्रा कापडापासून सुटला आहे. उंची दर हजार मीटरने वाढते तशी अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आणि नायलॉन त्याने कमजोर होते, म्हणून छताचे कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून जोराने ताणा आणि तळाजवळच्या, ऊन न लागलेल्या कापडाशी तुलना करा. रंग उडालेला असणे चालेल, पण ताणल्यावर करकर आवाज येऊन वीण सैल झालेली चालणार नाही. पोलची प्रत्येक जोडणी सुटी करून तोंडाशी बारीक चीर आहे का ते नखाने पाहा. चेन झिजली असेल तर ओढणी बदलून मिळते, त्यासाठी सौदा मोडू नका. शेवटी छतावर बादलीभर पाणी सावकाश ओता आणि दोघींपैकी एकीने आत बसावे. या सगळ्यातून तो सुटला, आणि तळ २१० बाय १२० च्या आसपास असला, तर निम्म्या किमतीत तो जरूर घ्या आणि वाचलेल्या पैशांतून ओलावा न धरणाऱ्या बाहेरच्या कापडाची चांगली स्लीपिंग बॅग बघा. तळहाताला चिकट लागला, तर फुकट दिला तरी आणू नका.